मुशीचं वय कसं काढतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किनाऱ्यालगत राहणाऱ्या शार्कांच्या, म्हणजे आपल्या मुशींच्या (मालवण-गोव्याकडे मोरीच्या), वयाबद्दल आणि वाढीबद्दल नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. बरीचशी उदाहरणं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सँडबार शार्कची आहेत. एकाच किनारी जातीवर इतकी वर्षं, इतक्या पद्धतींनी काम झालं आणि तरीही वाद मिटला नाही, असं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

वय कळून नेमका फायदा काय?

मादी किती वर्षांची झाली की पिल्लं द्यायला लागते, दरवर्षी किती मुशी आपोआप मरतात आणि पकडलेल्यांची भरपाई व्हायला किती काळ लागतो, हे तिन्ही हिशेब वयावाचून अडतात. बांगडा हजारोंनी अंडी टाकतो, त्यामुळे एखादा हंगाम वाईट गेला तरी पुढच्या दोन-तीन वर्षांत सावरतो. सँडबारची मादी साधारण वर्षभर गर्भ वाढवते, आठ-नऊ पिल्लं देते आणि पुन्हा गाभण राहण्याआधी निदान एक वर्ष मोकळं घालवते. अशा प्राण्याच्या बाबतीत ‘तेराव्या वर्षी वयात येते’ आणि ‘तिसाव्या वर्षी येते’ यांत मासेमारी चालू ठेवायची की थांबवायची, इतका फरक असतो.

घोळीचं वय काढता येतं, मग मुशीचंच एवढं अवघड का?

हाडं असलेल्या माशांच्या कानात चुन्याचे खडे असतात. घोळ, ढोमा यांच्या डोक्यातले खडे तर चांगले मोठे निघतात. ते कापले की आत थरावर थर दिसतात. काही माशांच्या खवल्यांवरही अशी वर्तुळं मिळतात.

मुशीकडे यातलं काहीच नाही. तिच्या कानात एकसंध खडा नसतो, बारीक कण असतात. अंगावरचे काटेरी खवले एकदा तयार झाले की वाढत नाहीत. ते झडतात आणि त्यांच्या जागी नवे येतात. दातांचंही तेच. आणि सांगाडा सगळा कूर्चेचा, हाड नावालाही नाही. कायम जागेवर राहणारी आणि आयुष्यभर बाहेरून वाढत जाणारी एकच सोयीची वस्तू उरते, ती म्हणजे पाठीचा मणका. पाठीच्या पराला काटा असलेल्या काही जातींत तो काटाही चालतो, पण किनाऱ्यावरच्या बहुतेक मोठ्या मुशींना असा काटा नसतो.

मणक्यात नक्की काय दिसतं?

मणका कूर्चेचाच असतो, पण त्यात कॅल्शियमचे क्षार साठलेले असतात. दोन्ही बाजूंनी आत खोलगट, त्यामुळे मधोमध उभा छेद घेतला की डमरूचा आकार दिसतो. मासा वाढतो तसा डमरूच्या दोन्ही टोकांना नवा थर चढतो. काही काळ चढलेला थर प्रकाशात गडद दिसतो, काही काळ चढलेला फिकट. गडद आणि फिकट मिळून एक जोडी धरतात आणि मोजणी जोड्यांची होते.

मध्याच्या जवळ एक खूण असते. तिथे डमरूच्या कडेचा कोन किंचित बदलतो. ही जन्माची खूण. पिल्लू आईच्या पोटातून बाहेर पडतं आणि वाढीचा वेग बदलतो, त्याची ही नोंद. मोजायला सुरुवात तिथून करायची. ही खूण चुकीची धरली तर पुढची सगळी मोजणी एकाने चुकते. लहान, अल्पायुषी जातींत ही एकाची चूकसुद्धा फार महाग पडते.

कुठलाही मणका चालतो का?

नाही. प्रघात असा की पहिल्या पाठपराच्या खालचे, म्हणजे धडाच्या सगळ्यात जाड भागातले मणके घ्यायचे. ते मोठे असतात आणि कापायला, वाचायला सोपे जातात. पण हा नुसता सोयीचा मामला नाही. काही जातींत एकाच माशाच्या मानेजवळच्या, मधल्या आणि शेपटीकडच्या मणक्यांत जोड्यांची संख्याच वेगवेगळी निघते. बास्किंग शार्कमध्ये हे ठळकपणे दिसलं. ज्याचं वय एकच आहे त्या प्राण्याच्या अंगात तीन वेगळी वयं सापडत असतील, तर आपण मोजतोय ते वयच आहे का, असा प्रश्न पडणारच. त्याकडे पुढे येऊ.

बंदरावर काम करताना अडचण वेगळीच असते. मुशी लिलावाआधी किंवा लगेच नंतर कापली जाते, तुकडे झाल्यावर लांबी मिळत नाही आणि लांबीशिवाय मणका जवळजवळ निरुपयोगी. म्हणून आधी टेप लावायची, मग सुरीवाल्या मावशींकडे मणका मागायचा. लांबी कुठली घेतली तेही लिहून ठेवायचं: शेपटीच्या टोकापर्यंतची, शेपटीच्या खाचेपर्यंतची की शेपटी सुरू होते तिथपर्यंतची. दोन अभ्यासांतला फरक कित्येकदा एवढ्यामुळेच पडलेला असतो.

प्रयोगशाळेत पुढे काय करतात?

मणके बर्फात किंवा अल्कोहोलमध्ये ठेवतात. फॉर्मॅलिन टाळायचं, ते आम्लधर्मी झालं की कॅल्शियमच काढून घेतं. मांस आणि कमानी काढून मणका स्वच्छ करतात. त्यासाठी ब्लीच वापरलं तर घड्याळावर नजर हवी, जास्त वेळ ठेवलं की कडेचे थर विरघळतात आणि नेमकी शेवटची वर्षं जातात. मग हिऱ्याच्या पात्याच्या मंद करवतीने साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा काप घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पट्टे फिके असतील तर रंग चढवतात, सिल्व्हर नायट्रेट किंवा क्रिस्टल व्हायोलेटसारखा. काही जण एक्स-रे काढतात. एका जातीला जमलेली पद्धत दुसरीला जमेलच असं नाही.

दोघांनी मोजलं आणि आकडा वेगळा आला, तर?

येतोच. म्हणून किमान दोघांनी, एकमेकांचा आकडा न बघता आणि माशाची लांबी माहीत नसताना मोजायचं असतं. लांबी कळली की मन आपोआप ‘मोठी दिसते, म्हणजे बारा तरी असणार’ असं ठरवून टाकतं. दोघांच्या आकड्यांतली तफावत टक्केवारीत मांडतात आणि जमत नसेल तर तो नमुना बाद करतात.

फक्त एक लक्षात ठेवावं. दोघांचं एकमत झालं म्हणजे वय बरोबर आलं असं नाही. दोघांनीही तेच पट्टे तितकेच मोजले, एवढंच त्यातून कळतं. अहवालात तफावतीची टक्केवारी छान कमी दिसते आणि वाचणारा निश्चिंत होतो. माझ्या मते या विषयात सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

वर्षाला एकच जोडी बनते, हे कशावरून?

सगळा विषय या प्रश्नावर उभा आहे. पूर्वी हे बहुधा गृहीत धरलं जायचं. पॅसिफिक एंजल शार्कवर काम झालं तेव्हा दिसलं की तिच्यात पट्ट्यांचा वर्षाशी संबंधच नाही, अंगाच्या वाढीशी आहे. माको शार्कबद्दल तर दशकभर नाही, कित्येक दशकं वाद चालला की वर्षाला एक जोडी की दोन. शेवटी निघालं ते असं की पूर्व पॅसिफिकमधली लहान माको वर्षाला दोन जोड्या बनवते आणि मोठी झाली की एकीवर येते. तैवानजवळच्या हातोडा-डोक्याच्या मुशीसाठी वर्षाला दोन जोड्या धरल्या गेल्या, इतर समुद्रांतल्या त्याच जातीसाठी एक. त्यामुळे एकाच जातीच्या वाढीचे वेग कागदावर जवळपास दुपटीने वेगळे दिसले.

पडताळणीचे मार्ग असे. पहिला, ऑक्सिटेट्रासायक्लिनचं इंजेक्शन. गुरांनाही देतात तेच प्रतिजैविक. शरीराच्या दर किलोमागे साधारण २५ मिलिग्रॅम देऊन, बिल्ला लावून मुशी सोडायची. औषध त्या वेळी बनत असलेल्या थरात कॅल्शियमला चिकटतं आणि अतिनील प्रकाशात पिवळसर चमकतं. मुशी दोन वर्षांनी पुन्हा सापडली आणि चमकत्या रेघेबाहेर दोन जोड्या असल्या, तर गृहीतक खरं. हा सगळ्यात सरळ पुरावा आहे. अडचण एवढीच की पुन्हा सापडणाऱ्या मुशी थोड्या, त्यातही बहुतेक लहान, आणि मधला काळ वर्ष-दोन वर्षांचा. वीस वर्षांच्या मादीत काय घडतं ते यातून कळत नाही.

दुसरा मार्ग, महिनेमहाल नमुने घेऊन सगळ्यात बाहेरच्या अपुऱ्या थराची रुंदी मोजायची. वर्षातून एकदाच ती शून्यावर येत असेल तर वर्षाला एक जोडी. स्वस्त म्हणून ही पद्धत लोकप्रिय आहे, पण कडेचा थर इतका बारीक असतो की मोजणाऱ्याची इच्छाही मापात उतरते. आपल्या किनाऱ्यावर आणखी एक पंचाईत: जून-जुलैच्या मासेमारीबंदीत नमुनेच मिळत नाहीत, आणि मॉन्सूनमध्ये पाणी बदलतं, तेव्हाच तर काहीतरी घडण्याची शक्यता जास्त.

अणुबाँबचा मुशीच्या वयाशी काय संबंध?

१९५० आणि ६० च्या दशकांत वातावरणात झालेल्या अणुचाचण्यांमुळे किरणोत्सारी कार्बन-१४ प्रचंड वाढला. समुद्राच्या वरच्या पाण्यात ही वाढ १९५८ च्या सुमारास दिसायला लागते आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत शिगेला पोचते. त्या काळात वाढलेल्या प्रवाळांत आणि माशांच्या कानातल्या खड्यांत तिची वर्षवार नोंद आहे. आता मुशीच्या मणक्यातला एक थर बारीक ड्रिलने खरवडून घ्यायचा, त्यातला कार्बन मोजायचा आणि त्या नोंदीशी ताडून बघायचा. पट्टे मोजून तुम्ही ‘हा थर १९७२ चा’ म्हणत असाल आणि कार्बन चढणीच्या आधीचा निघत असेल, तर मोजणीत दहा-पंधरा वर्षं गळाली आहेत.

यासाठी त्या काळात जन्मलेल्या मुशींचे मणके लागतात. त्यामुळे कुणाच्या तरी कपाटात चाळीस वर्षं पडून राहिलेल्या बरण्यांना एकदम भाव आला. पद्धतीला मर्यादाही आहेत. मुशीचा कार्बन खाण्यातून येतो, आणि खोल पाण्यातलं भक्ष्य खाणाऱ्या जातीत जुना कार्बन मिसळून हिशेब सरकतो. किनाऱ्यालगतच्या जातींना हा त्रास कमी.

सँडबार शार्कची ती वादाची गोष्ट काय आहे?

सँडबार चेसापीक आणि डेलावेअरच्या खाड्यांत जन्मते, साधारण ६० सेंटिमीटरची. थंडीत दक्षिणेकडे जाते, उन्हाळ्यात परत येते. १९८० च्या दशकात अमेरिकेत मुशींची व्यापारी मासेमारी फोफावली तेव्हा हीच जात तिचा कणा होती.

१९८५ मध्ये जॅक केसी आणि सहकाऱ्यांनी मणक्यांवरून वयात येण्याचा अंदाज १२-१३ वर्षं काढला. केसी हे १९६२ मध्ये सुरू झालेल्या बिल्ले लावण्याच्या मोठ्या कार्यक्रमाचे प्रवर्तक. त्या कार्यक्रमात हौशी गळवाले आणि मच्छीमार मुशींना बिल्ले लावून सोडत आणि पुन्हा सापडली की कळवत. वर्षं गेली तसे जुने बिल्ले परत यायला लागले, आणि त्या मुशी मणक्यांच्या हिशेबाइतक्या वाढलेल्याच नव्हत्या. १९९२ मध्ये केसी आणि लिसा नॅटन्सन यांनी बिल्ल्यांवरून नवा अंदाज दिला: वयात यायला सुमारे ३० वर्षं. आपलाच आकडा सात वर्षांत दुपटीहून जास्त बदलणं, तेही छापून, सोपं नसतं. १९९५ मध्ये व्हर्जिनियाच्या संशोधकांनी पुन्हा मणक्यांवरून १५-१६ म्हटलं.

२०११ मध्ये कार्बन-१४ आणि बिल्ले दोन्ही एकत्र वापरले गेले. निष्कर्ष असा की पट्ट्यांची मोजणी १० ते १२ वर्षांपर्यंत विश्वासार्ह आहे, पुढे नाही. तपासलेल्या तीन प्रौढ मुशी २० ते २६ वर्षांच्या निघाल्या, आधीच्या मोजणीपेक्षा ५ ते ११ वर्षांनी मोठ्या. आयुष्य ३० वर्षांच्या पुढे जातं, हेही बिल्ल्यांतून दिसलं.

मग कुठला आकडा खरा? एक निवडा असं कुणी म्हणालं तर मी निवडणार नाही. बिल्ल्यांच्या पद्धतीतही खोट आहे: हलत्या बोटीवर, वळवळणाऱ्या मुशीची लांबी अंदाजाने सांगितली जाते, आणि बिल्ल्याच्या जखमेने वाढ मंदावत असेल तर वेग खोटाच कमी दिसतो. ३० हा आकडा मला जास्त वाटतो, १२ कमी. पण तरुणपणीच्या वाढीचं चित्र मणक्यांतून बरं मिळतं आणि म्हातारपणाचं मिळत नाही, इतकं आता नक्की आहे. दरम्यान साठा खाली गेला. २००८ पासून तिथे सँडबार फक्त संशोधनाच्या परवान्यावर पकडता येते, आणि साठा सावरण्याचं उद्दिष्ट २०७० सालाचं ठेवलं आहे.

म्हणजे म्हाताऱ्या मुशींचं वय नेहमी कमीच मोजलं जातं?

नेहमी नाही, पण चूक झालीच तर बहुधा त्याच दिशेने होते. सँड टायगर शार्कवर २०१४ मध्ये असंच काम झालं. अमेरिकेकडच्या मोठ्या मुशींचं वय ११-१२ वर्षांनी कमी मोजलं गेलं होतं, नैऋत्य हिंदी महासागरातल्यांचं १४ ते १८ वर्षांनी. ऑस्ट्रेलियात बिल्ला लावलेली एक स्कूल शार्क पस्तीसहून अधिक वर्षांनी सापडली, म्हणजे तिचं वय पंचेचाळीसच्या पुढे, आणि मणक्यात पट्टे विसाच्या आतबाहेर.

कारणं दोन सांगतात. एक, वाढ मंदावली की कडेचे थर इतके दाटीवाटीने बसतात की वेगळे दिसतच नाहीत. दुसरं जास्त मुळावर येणारं आहे. नॅटन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मांडलं की पट्टे मुळात काळाची नोंद नसावेतच. धडाचा घेर वाढतो तसा मणक्याला आधार वाढवावा लागतो, आणि पट्टा ही त्या बांधकामाची खूण. म्हणूनच जाड भागातल्या मणक्यात जोड्या जास्त, शेपटीकडे कमी. घेर वाढायचा थांबला की पट्टेही थांबतात. मला हे पटतं. लहान वयात घेर वर्षाच्या चालीने वाढतो, म्हणून मोजणी जुळते. इतका साधा उलगडा असू शकतो.

वय कमी मोजल्याने बिघडतं काय? उलट तरुण साठा म्हणजे चांगलंच ना?

नैसर्गिक मृत्युदर थेट मोजणं जवळजवळ अशक्य, म्हणून तो कमाल वयावरून काढतात. कमाल वय वीस धरलं तर येणारा दर चाळीस धरल्यावर जवळपास निम्मा होतो. आयुष्य कमी धरलं की ‘या मुशी तशाही भराभर मरतात आणि भराभर वाढतात, तेव्हा थोड्या जास्त पकडल्या तरी चालेल’ असं गणित बाहेर पडतं.

वाढीचा ‘के’ म्हणजे काय?

लुडविग फॉन बेर्टालान्फी या ऑस्ट्रियन जीवशास्त्रज्ञाने १९३८ मध्ये मांडलेल्या समीकरणातला एक अंक. मासा आधी भराभर वाढतो आणि मग एका कमाल लांबीकडे हळूहळू सरकतो. ते अंतर किती वेगाने भरतं, ते ‘के’ सांगतो. सेंटिमीटर दर वर्षी, असा तो वेग नव्हे. हा घोळ विद्यार्थी सर्रास घालतात. ‘के’ आणि कमाल लांबी एकमेकींना बांधलेल्या असतात, एक वर गेली की दुसरी खाली येते. म्हणून नुसत्या ‘के’वरून दोन जातींची तुलना करू नये.

जाळ्यात अगदी लहान पिल्लं आली नाहीत किंवा मोठ्या माद्या खोल पाण्यात राहिल्या, तर वक्राची दोन्ही टोकं हवेत लटकतात. मुशींसाठी एक सोय आहे: जन्मावेळची लांबी गाभण माद्यांवरून कळते, ती समीकरणात घालून खालचं टोक पक्कं करता येतं. वरच्या टोकाला असा उपाय नाही.

आपल्या किनाऱ्यावरच्या मुशींचं काय?

मुंबईपासून सौराष्ट्रापर्यंत सगळ्यात जास्त दिसते ती फावड्यासारख्या चपट्या नाकाची छोटी मुशी, स्कोलिओडॉन लॅटिकॉडस. जन्मते तेव्हा जेमतेम वीतभर, वर्ष-दोन वर्षांत वयात येते, आयुष्य पाच-सहा वर्षांचं. सँडबारच्या अगदी उलट टोक. भारतात तिच्या वाढीचा अभ्यास बंदरावरच्या लांब्यांची महिनावार मांडणी करूनही झाला आहे. या पद्धतीत एका हंगामात जन्मलेल्यांचा गट लांबीच्या आलेखावर पुढे सरकताना दिसावा लागतो. पण ही मुशी वर्षभर पिल्लं देते, त्यामुळे गट एकमेकांत मिसळतात आणि उंचवटे धूसर होतात.

दुसरा मुद्दा ऋतूंचा. चेसापीकच्या पाण्यात थंडी आणि उन्हाळा यांत फार मोठा फरक असतो. अरबी समुद्रात आपल्या बाजूला तसा हिवाळा नाही, बदल होतो तो मॉन्सूनमुळे. तिथली ‘वर्षाला एक जोडी’ उचलून इथे लावणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे. एकच जात असली तरीही. हवाईतल्या सँडबार माद्या दहाच्या आसपास वयात येतात, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या सोळाच्या.

लांबी पाहून मुशीचं वय सांगता येईल?

पिल्लू असेल तर येईल. बऱ्याच जातींत नुकत्या जन्मलेल्या पिल्लाच्या दोन छातीपरांच्या मधोमध नाळेची खूण उघडी दिसते. पूर्ण वाढलेली असेल तर नाही, पंधरा आणि तीस वर्षांच्या मुशी एकाच लांबीच्या असू शकतात.

सगळ्यात जास्त जगणारी शार्क कोणती?

ग्रीनलंड शार्क. २०१६ मध्ये डोळ्याच्या भिंगातल्या कार्बनवरून सगळ्यात मोठ्या मादीचं वय ३९२ वर्षं, १२० इकडेतिकडे, असं काढलं. ती थंड, खोल पाण्यातली, तिच्या मणक्यात पट्टे मिळत नाहीत. आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे पाकिस्तानच्या किनाऱ्यावर मिळालेली १० मीटरची देवमुशी, म्हणजे व्हेल शार्क. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिचं वय ५० निघालं, आणि तिच्यात पट्टे वर्षाला एक जोडी याच हिशेबाने होते.

प्रकल्पासाठी बंदरावरून मणके गोळा करायचे आहेत. परवानगी लागते का?

जातीवर अवलंबून आहे. व्हेल शार्कला २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि नंतर, विशेषतः २०२२ च्या दुरुस्तीने, याद्या बदलल्या आहेत. संरक्षित जातीचा मेलेला मासा वाहून आला तरी त्याचा तुकडा आपण घरी न्यायचा नाही, आधी वन विभागाला कळवायचं. म्हणून बंदरावर जाण्याआधी आजची यादी पाहा, जाती ओळखायला शिका आणि मार्गदर्शकांकरवी लेखी परवानगी काढून ठेवा. नेहमीच्या छोट्या मुशीपासून सुरुवात करा, ती वर्षातले बहुतेक महिने मिळते. प्रत्येक मणक्याच्या पिशवीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाका, शाई अल्कोहोलमध्ये उडते.